रंगखोलीतलं माहेर

मागच्या हिवाळ्यात नातवंडांना घेऊन मी गावच्या रंगखोलीत गेले होते. आता तिथं दाराशी पाटी आहे, आत दोरी बांधली आहे, आणि माहिती सांगायला एक चुणचुणीत पोरगा ठेवलाय. पोरगा बोलायला चांगला. खोली भोसल्यांच्या काळातली, हा रंग दगडाचा, तो काजळाचा, सगळं तोंडपाठ. पण उगवतीच्या कोपऱ्यात आला, पाळण्याशेजारच्या कोऱ्या पट्ट्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "हा भाग गावातल्या अडाणी लोकांनी हात लावून लावून खराब केला."

माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "अडानी कोनाले म्हनतं रे बाबू? लोकायनं नाही लावले हात. एका बाईनं लावले. माह्या सासूनं." तो गडबडला, नातीनं माझा पदर ओढला, मागचे लोक हसायला लागले. तेव्हा गप बसले. पण गप बसणं माझ्या अंगात नाही, म्हणून आता सगळं सांगते.

मी जऊळक्याची. बाप रेल्वेत गँगमन, रुळावर घण मारून त्याचे हात दगड झालेले. तिथून मला इंझोरीकडच्या या गावात दिलं, दुष्काळाच्या पुढच्या साली. वाशीम तेव्हा नुसतं तालुक्याचं गाव होतं, जिल्हा आमचा अकोला. सासरी शेती कोरडवाहू, नवरा मुलखाचा अबोल, आणि सासू, म्हणजे आमच्या बोलीत आत्याबाई, ठेंगणी, काळीसावळी आणि आवाजानं दांडगी. शेताच्या धुऱ्यावरून तिनं हाक मारली तर गावातली कुत्री उठून बसत.

लग्नाच्या पाचव्या दिवशी आत्याबाई मला म्हणाल्या, "चाल वं. माहेर धराले जाऊ."

मला वाटलं, पाठवते की काय परत! पाच दिवसांत काय चुकलं बाप्पा माझं? पण त्या मला घेऊन गेल्या रामाच्या देवळामागं. तिथं एक बसकी दगडी खोली होती, बाहेरून पाहावं तर कापसाचं गोदाम. दार एवढं ठेंगणं की वाकल्याशिवाय आत जाता येत नसे. आत गेले, मान वर केली, आणि माझ्या तोंडून "अव माय!" एवढंच निघालं.

बोट ठेवायलाही मोकळी जागा नव्हती. भिंतीवर रामाची मिरवणूक, हत्ती, घोडे, पालखी, विहिरीवर पाण्याला आलेल्या बाया, त्यांचा केळीचा घड पळवणारं माकड, मिशीला पीळ देणारे पैलवान, मोर, केळीची झाडं, वर लाकडी छतावर कमळं आणि पोपटांच्या रांगा. सगळ्यावर काजळीचा थर, कारण पिढ्यान्‌पिढ्या रामनवमीचे दिवे तिथं लागले होते आणि पाऊस असला की भंडाऱ्याची चूलही आतच पेटायची. तरी काजळीखालून ती सारी माणसं डोळे वटारून आमच्याकडं पाहत होती. चितारी कोण, कुठला, कोणालाच ठाऊक नाही. त्याला मजुरीत जवारी आणि एक दुभती गाय दिली होती, एवढं मात्र म्हातारे सांगत.

आमच्या गावची रीत अशी. नवी सून आली की सासूनं तिला या खोलीत आणायचं आणि सांगायचं, यातलं एक धर. जे धरशील ते तुझ्या माहेरचं माणूस. मग संक्रांतीला त्याच्या तोंडाला तिळगूळ लावायचा, नागपंचमीला त्याच्यापुढं फुलं ठेवायची, नवऱ्याशी भांडण झालं की त्याच्यापाशी जाऊन बसायचं. तिथं बसलेल्या बाईला सासूसुद्धा उठवत नसे, तो तिचा हक्क. दुसरीनं धरलेलं चित्र आपण धरायचं नाही. एखादी म्हातारी गेली की वर्षानंतर तिचं माणूस मोकळं होई, तोवर नाही.

मी सगळ्या भिंती पाहिल्या. हत्ती गेलेले, मोर गेलेले, विहिरीवरच्या बाया तर कधीच्याच गेलेल्या. एका कोपऱ्यात टोप घातलेला एक गोरा साहेब उभा होता, पायाशी कुत्रं, आणि चेहरा असा की इथं मी कायले आलो? मला त्याची कीव आली. माझीही गत तीच होती. म्हटलं, "मी हा धरतो."

आत्याबाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. गावभर झालं. माझ्या नवऱ्याला पारावर विचारायचे, "काहून गा, तुह्या सासऱ्यानं टोप कवा घातला?" पण एक सांगते, माझी निवड त्यांनी बदलायला लावली नाही. पुढल्या संक्रांतीला साहेबासोबत कुत्र्यालाही तिळगूळ लाव, असं त्यांनीच मला बजावलं.

त्यांनी स्वतः कोणाला धरलं होतं ते त्यांनी त्याच दिवशी दाखवलं. उगवतीच्या कोपऱ्यात एक पाळणा होता, पाळण्याजवळ एक बाई उभी. पाळण्याची साखळी दिसायची, साडीचा काठ थोडा थोडा दिसायचा, वर नुसता काळोख. "हे माही माय," आत्याबाई म्हणाल्या. "तोंड काजयीनं झाकलं हाये. पन हाये अठीच."

मानमोडीच्या साथीत त्यांचं घरच्या घर संपलं होतं. माय, बाप, दोन भाऊ. मामानं या एकट्या पोरीचं दुधाचे दात पडायच्या वयात लग्न लावलं, तिला इथं सोडलं, आणि तो पुन्हा कधी फिरकला नाही. आपल्या मायचं तोंड कसं होतं हे आत्याबाईंना आठवत नव्हतं. पाचव्या दिवशी सासूनं त्यांना या खोलीत आणलं आणि म्हटलं, धर. त्या सरळ चालत पाळण्याच्या बाईपाशी गेल्या आणि "माय" म्हणाल्या. "तवा माहा हात तिच्या पायातल्या तोड्यापरेंतच पुरे वं," असं मला सांगताना त्या हसत होत्या. मला मात्र हसू आलं नाही.

ही बाई रोज खोलीत जाई. कापूस वेचून आली, निंदण करून आली, हातपाय धुतले की तिकडं. मायच्या तोंडावरून हात फिरवायचा, तो हात आपल्या तोंडावरून, आणि घरी आल्यावर जे लेकरू पहिलं दिसेल त्याच्या तोंडावरून. माझी मोठी मुलगी झाली, न्हाऊ घालायच्या आधी तिलाही तोच हात. मी एकदा म्हटलं, "आत्याबाई, हाताले काजयी असन." तर म्हणाल्या, "असू दे. तीट लावाची मेहनत वाचली."

आता सरकार कसं आलं ते ऐका. दुष्काळात खडी फोडायचं काम निघालं होतं. त्यावर देखरेखीला आलेला एक साहेब उन्हानं बेजार होऊन सावलीसाठी रंगखोलीत शिरला आणि दिवसभर बाहेरच आला नाही. त्यानं वर कळवलं असावं. सरकारी काम म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. दोनतीन वर्षांनी, ऐन नसबंदीच्या धामधुमीत, एक जीप गावात आली. जीप दिसताच गावचे सारे गडी तुरीत जाऊन लपले. जीपवाला पारावर उभा राहून हाका मारतो आहे, "अहो, मी चित्रांसाठी आलोय!" आणि तुरीतून आवाज येतो, "असंच म्हनतेत पह्यले!" शेवटी आत्याबाईंनी त्या माणसाला पाणी दिलं, चौकशी केली आणि तुरीकडं तोंड करून ओरडल्या, "या रे बाहीर, तुमाले कोनी हात लावत नाही, भिंतीयले लावनार हाये!"

तो चित्रवाला साहेब पुण्याकडचा. तिशीच्या आतला, किडकिडीत, पोट नाजूक. ठेच्याच्या वासानंच त्याला खोकला लागायचा. देवळाच्या ओसरीत राहायचा आणि जेवायला आमच्याकडं. दसऱ्यानंतर त्यानं काम सुरू केलं. आधी छत, मग भिंती, वरून खाली, बोटभर बोटभर. काडीला कापूस गुंडाळायचा, औषधात बुडवायचा, चित्रावर हळूच फिरवायचा, काळा झाला की फेकायचा. सुटलेला गिलावा सुईनं आत डिंकासारखं काही सोडून चिकटवायचा. गावात झालं, साहेब भिंतीले सुई टोचून राह्यला, भिंत बाळंत होते वाटते.

पैलवानांच्या मिशीत त्याला गूळ सापडला, मुंग्यांसकट. त्यानं कपाळावर हात मारला आणि साऱ्या बायांना बजावलं की यंदाच्या संक्रांतीपासून भिंतीला तिळगूळ नाही, हळदकुंकू नाही, हातसुद्धा नाही. बाया चिडल्या. आमचं माहेर, आणि हा कोण पाहुणा आम्हाला अडवणारा? मीही चार शब्द ऐकवले. पण मग छत उघडं झालं. पोपट हिरवेगार! मी जन्मात एवढा हिरवा पाहिला नव्हता. पाठोपाठ मोर निळे झाले, पालखी लाल झाली, आणि माझा साहेब पुसून निघाला तर त्याच्या कुत्र्याच्या गळ्यात घुंगरू! बाया हात मागं बांधून रांगेनं यायच्या, आपापलं माणूस पाहायच्या आणि डोळ्याला पदर लावून जायच्या. भांडण तिथंच मिटलं.

खोली सरकारजमा झाली तसं तिचं दार साऱ्या गावाला मोकळं झालं, हेही सांगायला हवं. तोवर बौद्धवाड्यातल्या बायांना तिथं कोणी बोलावलं नव्हतं. शाळेतल्या बाई त्याच वाड्यातल्या, त्या एके दिवशी पोरांना घेऊन आल्या. आत्याबाई म्हणाल्या, "मास्तरीनबाई, तुमीही एक धरा." बाई फटकन बोलल्या, "आता सांगता होय? सारे चांगले चांगले तुमीच घेऊन टाकले." आत्याबाई खाली पाहायला लागल्या. मग म्हणाल्या, "खरं हाये तुमचं." थोड्या वेळानं बाईंनी छताखाली काजळीतून नवाच निघालेला एक पांढरा हत्ती दाखवला, तो कोणाचाच नव्हता. तेव्हापासून तो त्यांचा.

साहेबाचा कापूस संपला की अकोल्याहून येईपर्यंत काम अडायचं. आत्याबाईंना ते पटेना. कापसाच्या मुलखात कापसावाचून काम अडतं म्हणजे काय! त्यांनी घरचा कापूस घेतला, सरकी काढली, पिंजला, आणि फुलवाती वळाव्यात तसे बांबूच्या काडीवर बोंडुले वळायला बसल्या. रोज संध्याकाळी सूपभर. साहेब म्हणायचा, इतके मऊ मला शहरात मिळत नाहीत. त्या म्हणायच्या, "घे बाबू, पन माह्या मायचं तोंड लवकर काढ." जेवायला वाढताना एकच प्रश्न, "कोपऱ्याले कवा येतं?" तो म्हणायचा, "शेवटी, आजी." आणि भाकरीकडं पाहायचा.

एक दिवस मी त्याला पाणी द्यायला खोलीत गेले. त्यानं मला कोपऱ्यात नेलं, बॅटरी लावली आणि आडवा उजेड पाडला. म्हणाला, "वहिनी, इथं काजळी आहे, पण खाली रंग नाही. या बाईचा चेहरा केव्हाच झिजून गेलाय. आजींना तुम्ही सांगून ठेवा."

मी म्हटलं, "मग तुमी काढा! एवढे शिकले, एक तोंड नाही काढता येत? कोनाले समजते?"

"आजींना मी खोटी आई कशी देऊ?" तो म्हणाला. जे गेलं ते गेलं, उरलेल्या रंगाच्या कडा पक्क्या करीन, मधलं कोरं ठेवीन, असा त्याच्या कामाचा नियम होता. मला त्याचा असा राग आला! दोन दिवस मी त्याला भाकर वाढली, पण लोणचं वाढलं नाही.

आत्याबाईंना सांगायचं म्हणून त्याच संध्याकाळी त्यांच्याजवळ बसले. त्या बोंडुले वळत होत्या. मी "आत्याबाई" म्हटलं, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "काहून वं, नाक कसं असन तिचं? माह्यासारखं बसकं नसन बाप्पा." आणि आपल्याच नाकावर बोट ठेवून हसल्या. साठी उलटलेली बाई, पण तोंडावर ते लेकराचं हसू. मीही सूप पुढं ओढलं आणि बोंडुले वळायला लागले. नंतरही दोनदा विषय काढला. एकदा म्हैस सुटली, एकदा मीच उठून गेले.

कोपऱ्याची पाळी संक्रांतीलाच आली. साहेबानं काही मुहूर्त पाहिला नव्हता, काम तिथवर पोचलं इतकंच. आत्याबाईंनी सकाळी डोक्यावरून पाणी घेतलं, ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि तिळगूळ वाटीत घेतला. मी म्हटलं, "साहेब लावू देनार नाही." त्या म्हणाल्या, "लावत नाही. दाखवतो नुस्ता." माझी दीड वर्षांची पोर माझ्या कडेवर होती. आम्ही तिघी जाऊन साहेबानं कोपऱ्यापुढं बांधलेल्या दोरीपाशी बसलो.

साहेबानं काडी हातात घेतली. आधी पाळणा निघाला, लाल, साखळ्या पिवळ्या. पाळण्यातून बाहेर आलेली लेकराची मूठ निघाली. मागं खिडकीची जाळी, जाळीवर वेल, वेलीवर चिमणी. आत्याबाई प्रत्येक वस्तूला "हे पाह्य! हे पाह्य!" करत होत्या. मग तो बाईकडं वळला. त्यानं पायाच्या कडेचा काळा थर काढला, निऱ्यांच्या कडेचा काढला, खांद्याच्या आणि डोक्याच्या कडेचाही काढला, शेवटी मधलाही. दोन्ही बाजूंना रंग, बोटाएवढा हिरवा काठ, बांगड्या घातलेलं एक मनगट. आणि मध्ये खालून वरपर्यंत एक पांढरा पट्टा. तळाशी अरुंद, वर जाता जाता रुंद. जिथं तोंड असायचं तिथं नुसता चुना, हातानं घोटून घोटून गुळगुळीत झालेला.

साहेब बाजूला झाला. "आजी," तो म्हणाला.

आत्याबाई उठल्या, दोरी ओलांडून आत गेल्या. साहेबानं अडवलं नाही. त्यांनी तो पट्टा खालपासून वरपर्यंत पाहिला. मग गुडघे धरून लेकराएवढ्या खाली वाकल्या आणि हात उंचावून पट्ट्याच्या अगदी तळाशी, तोड्याजवळ, भिंतीला न टेकवता धरला. एवढ्या उंचीची पोर असताना त्या इथं आल्या होत्या. मग हळूहळू उठत तो हात वर नेऊ लागल्या. निऱ्यांपाशी, कमरेपाशी, खांद्यापाशी. त्या वाढत गेल्या तसा त्यांचा हात वर वर चढला होता, आणि तोंडाला पुरल्यावर तिथंच राहिला होता, साऱ्या जन्माचा. ते त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

"मीच पुसली वं मायले," त्या म्हणाल्या, आणि आभाळ फाटल्यागत रडल्या. ती दांडग्या आवाजाची बाई, तिचं रडणंही तसंच. मीही रडले. माझी पोर आम्हाला पाहून रडायला लागली. साहेब दाराकडं तोंड करून उभा राहिला.

पोरीचं रडणं ऐकून त्या थांबल्या. आजी होती ना ती, लेकरू रडत असताना तिला कुठलं रडता येतं! पदरानं तोंड पुसून आमच्याकडं आल्या. आपला उजवा हात डोळ्यासमोर धरला. उलटा केला, सुलटा केला, कापसाच्या बोंडांनी चिरलेला तो हात. म्हणाल्या, "माय जाईन कोठी? ह्या हाताले लागली असन ते." आणि तो हात त्यांनी पोरीच्या तोंडावरून फिरवला. मग माझ्या तोंडावरून. कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश, रोज भिंतीवर फिरवत तसा. नंतर कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

वाटी तशीच भरलेली होती. मी म्हटलं, "आत्याबाई, तिळगूळ घरी नेऊ का?"

"माहेरी आनलेला तिळगूळ कोनी वापस नेते काय?" त्या म्हणाल्या, आणि माझं तोंड उघडून त्यांनी तो माझ्या तोंडात घातला.